नव्या फीचरवर गेम जॅम घ्यायची असेल, तर आयोजकांनी आधी तालीम करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा तुमचा गेम डेव्हलपमेंट क्लब आहे, चाळीसेक मुलं आहेत, गेम बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, गोडो. शनिवार-रविवार मिळून ४८ तासांची गेम जॅम, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम बनवायची स्पर्धा, घ्यायची आणि अट अशी, की गोडोच्या ४.४ आणि ४.५ या आवृत्त्यांमधली नवी फीचर्स प्रत्येक गेममध्ये वापरलीच पाहिजेत. नियम कसे लिहायचे, वेळ किती द्यायचा, गुण कशाचे ठेवायचे, हे तुम्ही विचारलंय. मी गेली बरीच वर्षं अशा छोट्या स्पर्धा भरवते आहे, परीक्षक म्हणूनही बसले आहे. म्हणून तुमच्या प्रश्नांच्या क्रमाने न जाता, जिथे गाडी खरोखर अडते तिथून सुरुवात करते.

पोस्टर बनवायच्या आधी तुम्ही दोघं-तिघं आयोजक एक रविवार मोकळा काढा. जे फीचर सक्तीचं करणार आहात ते घेऊन सहा तासांत एक चिमुकला गेम बनवा. मग तो मुलांनी जसा पाठवायचा आहे अगदी तसाच पाठवा, आणि परीक्षक ज्या लॅपटॉपवर खेळणार आहेत त्याच लॅपटॉपवर उघडून खेळा. नाटकाची रंगीत तालीम असते तशी. तुमच्या नियमांपैकी निम्मे नियम या एका दिवसातच तुम्हाला सापडतील.

मी हे इतकं आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. गोडो ४ नवीन होता तेव्हा आम्ही एका हॉलमध्ये अशीच स्पर्धा घेतली. सक्तीचं फीचर होतं व्हॉल्युमेट्रिक फॉग, म्हणजे दृश्यात खोलवर भरलेलं धुकं, आणि विषयही अर्थातच धुकं. परीक्षकांना सोयीचं पडावं म्हणून फॉर्मवर आम्हीच लिहिलं, ‘वेब बिल्ड आवश्यक’, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारा तयार गेम. आता गोडो ४ ची वेब बिल्ड फक्त कम्पॅटिबिलिटी या रेंडररवर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागावर, चालते, आणि व्हॉल्युमेट्रिक फॉग फक्त फॉरवर्ड प्लस या दुसऱ्या रेंडररमध्ये दिसतो. या दोन गोष्टी डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेल्या आहेत. आम्ही त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. एका टीमचा गेम होता पहाटेच्या धुक्यात हरवलेली कोळ्याची होडी शोधण्याचा. भोंग्याच्या आवाजाच्या रोखाने वल्हवत जायचं, धुकं विरळ होतं, पुन्हा दाट होतं. फार सुंदर जमला होता. परीक्षकांनी ब्राउझरमध्ये उघडला, तर स्वच्छ निळं पाणी आणि पहिल्याच क्षणी समोर होडी. दोन दिवस जागलेल्या त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. चूक तिची नव्हती, आमची होती, आणि सहा तासांच्या तालमीत ती पहिल्याच दुपारी लक्षात आली असती.

इंजिनच्या ताकदीभोवती स्पर्धा आखणं ही नवी कल्पना नाही. २००२ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला पहिली इंडी गेम जॅम झाली, ती याच जातीची होती. ख्रिस हेकर, शॉन बॅरेट आणि त्यांच्या सोबत्यांनी पडद्यावर एकाच वेळी एक लाख स्प्राइट, म्हणजे छोटी चित्रं, हलवू शकेल असं इंजिन आधी तयार ठेवलं आणि मग गेम डिझायनर बोलावले. एक लाख गोष्टी एकदम हलवता येत असतील तर कोणता गेम सुचतो, एवढाच प्रश्न होता. त्याच वर्षी सुरू झालेली लुडम डेअर आणि २००९ पासूनची ग्लोबल गेम जॅम यांची रीत वेगळी आहे. तिथे ऐन वेळी विषय जाहीर होतो, हत्यार ज्याचं त्याने निवडायचं. तुम्ही ओकलंडच्या वाटेने निघालात. त्या वाटेवर हत्याराची जबाबदारी आयोजकांची असते. ते आधी धार लावून, तपासून द्यावं लागतं.

आता फीचर कुठलं निवडायचं. रिलीजची यादी उघडली की सगळंच वापरावंसं वाटतं, पण त्यातलं बरंचसं स्पर्धेच्या कामाचं नसतं. मी एकच कसोटी लावते: खेळणाऱ्याच्या हाताला ते जाणवतं का? ४.४ मधल्या टाइप्ड डिक्शनरी (कोडमधल्या प्रकार ठरवलेल्या याद्या) किंवा एडिटरच्या आतच चालणारी गेमची खिडकी, ४.५ मधला शेडर (रंग-छाया ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) आधीच तयार ठेवणारा शेडर बेकर, या मला रोज उपयोगी पडणाऱ्या गोष्टी आहेत. पण खेळणाऱ्याला त्यांचा पत्ताच लागत नाही, मग परीक्षक गुण कशाला देणार? अशी फीचर्स अर्ध्या तासाच्या सत्रात दाखवून मोकळे व्हा. सक्तीची म्हणून फार तर दोन ठेवा, आणि टीमने त्यातलं एक निवडायचं. ‘खालीलपैकी किमान तीन फीचर्स वापरा’ असा नियम मी पाहिला आहे. त्यातून तीन फीचर्सचं प्रदर्शन तयार होतं, गेम होत नाही.

माझी शिफारस म्हणजे एक जोल्ट आणि दुसरं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा आधार.

जोल्ट हे योरिट राउवे यांनी लिहिलेलं फिजिक्स इंजिन, म्हणजे गेममधल्या वस्तूंचं पडणं, आदळणं, तोल जाणं सांभाळणारा भाग. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ या गेममध्ये ते वापरलं गेलं, आणि ४.४ पासून ते गोडोमध्ये आतच मिळतं, ४.४ आणि ४.५ मध्ये प्रायोगिक असा शिक्का लावून. आधीच्या थ्रीडी फिजिक्समध्ये एकावर एक रचलेल्या वस्तू थरथरायच्या. त्यामुळे रचण्याचे, तोलण्याचे गेम मुलं टाळायची. आता दहीहंडीचा गेम करता येईल. खालच्या थराचे खांदे, वरच्याचा झोक, सहाव्या थरावर चढणारं पोर, आणि तोल जातोय हे खेळणाऱ्याला थर कोसळायच्या आधीच कळणं. हातगाडीवर रचलेले डबे, पुलाच्या चढावर मागे सरकणारी गाडी. असे विषय इथल्या मुलांना शिकवावे लागत नाहीत.

तालमीत आम्हाला दोन खाचखळगे सापडले, ते तुमचा वेळ वाचवतील. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये थ्रीडीचं फिजिक्स इंजिन जोल्ट केल्यावर एडिटर बंद करून पुन्हा उघडावा लागतो. आमच्यातले दोघं पाऊण तास ‘काहीच फरक का पडत नाही’ म्हणत बसले होते. दुसरं, जॉइंटच्या, म्हणजे दोन वस्तू जोडणाऱ्या सांध्याच्या, काही जुन्या सेटिंग्ज, उदाहरणार्थ पिन जॉइंटचे बायस आणि डॅम्पिंग, जोल्ट जुमानत नाही. यूट्यूबवरच्या जुन्या धड्यातले आकडे तसेच टाकले तर पदरी निराशा येते. म्हणून मुलांच्या हातात कोरा प्रोजेक्ट देऊ नका. जोल्ट चालू केलेला, दोन-तीन खोकी आणि एक जॉइंट ठेवलेला छोटा स्टार्टर प्रोजेक्ट द्या. तुमच्या तालमीतला गेम सोलून काढला की तो आपोआप तयार होतो.

पण जोल्ट फक्त थ्रीडीसाठी आहे, हे विसरू नका. तुमच्या चाळीसांतली नवखी मुलं टूडीमध्येच काम करत असणार. एकच दार ठेवलंत तर ती बाहेर राहतील किंवा दोन दिवस थ्रीडी शिकण्यात घालवतील. त्यांच्यासाठी दुसरं फीचर.

४.५ मध्ये स्क्रीन रीडरचा आधार आला, अ‍ॅक्सेसकिट ही तयार लायब्ररी वापरून. त्या आवृत्तीत हाही प्रायोगिक आहे. बटनं, लेबलं, स्लायडर असे कंट्रोल नोड स्क्रीन रीडरला वाचता येतात. म्हणजे पडदा न बघता खेळता येईल असा गेम मुलं बांधू शकतात, आणि त्याला थ्रीडी मॉडेल लागत नाही, चित्रकार लागत नाही. कान आणि कल्पना पुरते. मला विचाराल तर या दोन फीचर्समध्ये माझा जीव याच्यावर जास्त आहे.

माझ्या एका अंध मित्राला मी अशा गेमच्या चाचणीला बसवलं होतं. टीमने मेनू फार देखणा केला होता, सगळी बटनं चिन्हांची. तो टॅब दाबत गेला आणि स्क्रीन रीडर म्हणत गेला, ‘बटन. बटन. बटन.’ तीन वेळा ऐकून त्याने हात उचलले आणि शांतपणे विचारलं, ‘यातलं सुरू कुठलं?’ मुलांनी प्रत्येक बटनाच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी नेममध्ये नाव भरलं, दहा मिनिटांचं काम. पुढच्या फेरीत तो गेममध्ये शिरला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. ती दहा मिनिटं त्या मुलांना कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकवून गेली. तुम्हीही परीक्षकांत एक तरी व्यक्ती अशी घ्या जी रोजच्या कामाला स्क्रीन रीडर वापरते, आणि इतर पाहुण्या परीक्षकांना देता तेवढंच मानधन तिलाही द्या. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विंडोजवर फुकट मिळतो. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठीही आहे. आवाज यांत्रिक वाटतो, पण मराठी लेबलं वाचून होतात. या गेमची तपासणी मात्र डेस्कटॉप बिल्डवर करा, ब्राउझरमध्ये नको.

मराठीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. गोडो ४ मध्ये जोडाक्षरं नीट जुळतात, गोडो ३ मध्ये ती फुटायची. पण इंजिनच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. विंडोजवर सिस्टिमचा फॉन्ट उसना घेतला जातो म्हणून सगळं ठीक दिसतं. वेब बिल्डमध्ये ती सोय नसते आणि अक्षरांच्या जागी चौकोन येतात. स्टार्टर प्रोजेक्टमध्येच नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्याच ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट टाकून ठेवा. दोन्हींचा परवाना खुला आहे.

आवृत्तीबद्दल कडक राहा. ‘गोडो ४.५’ एवढं लिहून भागत नाही, शेवटच्या पॅच क्रमांकासकट लिहा. एक्स्पोर्ट टेम्प्लेट, म्हणजे बिल्ड बनवायला लागणाऱ्या तयार फाइली, एडिटरच्या नेमक्या त्याच आवृत्तीची लागतात, नाहीतर एक्स्पोर्ट होत नाही. बीटा, म्हणजे चाचणीसाठी आधी निघणाऱ्या, आवृत्तीवर स्पर्धा घेऊ नका. बीटा आली की नवी फीचर्स थांबतात आणि फक्त दुरुस्त्या होतात, म्हणून नियोजन बीटापासून सुरू करता येतं. स्पर्धा मात्र स्थिर आवृत्ती येऊन तिची पहिली दुरुस्ती निघाल्यावर घ्या. ४.४ आली ३ मार्च २०२५ ला आणि ४.४.१ आली २६ मार्चला. तीनच आठवडे थांबायचं असतं.

ही टेम्प्लेट म्हणजे माझ्या दुसऱ्या फजितीची गोष्ट. संपूर्ण संच जवळपास एक जीबीचा असतो. मुलं दोन दिवस एडिटरमध्येच गेम चालवून बघतात, एक्स्पोर्ट शेवटच्या तासात आठवतं. एका वर्षी शेवटच्या तासाला अकरा टीमनी एकदम डाउनलोड लावलं. हॉलचं वायफाय एक होतं, मोबाइलचं हॉटस्पॉटही गुदमरलं. आम्ही दोन तास मुदत वाढवली, आणि ज्यांनी वेळेत दिलं होतं ती मुलं साहजिकच चिडली. तेव्हापासून मी सहा पेनड्राइव्ह ठेवते: एडिटर, टेम्प्लेट, स्टार्टर प्रोजेक्ट, फॉन्ट. टेम्प्लेट फाइलवरून टाकता येतात, नेट लागत नाही. आणि नियम असा, की पहिल्या तीन तासांत प्रत्येक टीमने पडद्यावर टीमचं नाव आणि एक बटन एवढीच बिल्ड करून जमा करायची. जमा नसेल तर आमचा मेंटॉर त्यांच्या टेबलावर जाऊन बसतो, होईपर्यंत उठत नाही.

बिल्ड कुठली मागायची? फॉरवर्ड प्लसवर अवलंबून असलेलं काहीही असेल तर विंडोज बिल्ड, आणि परीक्षणाचा लॅपटॉप तुमचा. वेब हवीच असेल तर ४.३ पासून एकाच थ्रेडची, म्हणजे सगळं काम एकाच साखळीत करणारी, वेब बिल्ड मिळते, त्यामुळे सर्व्हरवर खास सेटिंग (हेडर) लागत नाहीत. सी शार्प या भाषेत लिहिलेला गोडो ४ चा प्रोजेक्ट वेबवर जात नाही, हे नोंदणीच्या वेळीच सांगा. गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन, वापरणाऱ्यांना आणखी एक सांगा. ४.४ पासून स्क्रिप्टशेजारी युआयडीच्या, म्हणजे ओळख क्रमांकाच्या, छोट्या फाइली तयार होतात. त्या कचरा समजून वगळू नका, त्याही गिटमध्ये जमा (कमिट) करा.

आता ४८ तास. माझं स्पष्ट मत आहे, मुंबईत ते करू नका. बदलापूर, विरार, पनवेलहून येणारी मुलं शेवटच्या लोकलचा हिशेब डोक्यात ठेवूनच काम करतात. रात्रभर हॉलवर थांबायची परवानगी अनेक मुलींना घरून मिळत नाही, आणि मग टीममध्ये त्यांचं काम रविवारी सकाळी ‘मेनू कर’ एवढंच उरतं. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता रात्रीची जॅम मी घेतच नाही. शनिवारी सकाळी १० ते संध्याकाळी ७ हॉलवर, मग सगळे घरी. रविवारी घरूनच काम, दुपारी ४ ला मुदत संपली. म्हणजे एकूण ३० तास, त्यात झोप धरलेली. रविवारी सगळ्यांना परत बोलावलंत तर मध्य आणि हार्बरचा मेगाब्लॉक नेमका तुमच्या दुपारीच येतो. सादरीकरण पुढच्या शनिवारी ठेवा. मधल्या आठवड्यात परीक्षक निवांत खेळतात, आणि मुलंही झोप काढून माणसात येतात.

जागा दादर-माटुंग्याच्या पट्ट्यात बघा. मध्य आणि पश्चिम दोन्ही दादरला मिळतात, हार्बरची मुलं कुर्ल्याला गाडी बदलून येतात किंवा वडाळ्याला उतरतात. जुलै टाळा, गणपती टाळा, विद्यापीठाच्या परीक्षांचे आठवडे टाळा. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

हॉल घेताना एसीच्या आधी बोर्ड बघा. १६ अँपिअरच्या एका लाइनवर २३० व्होल्टला साधारण ३.७ किलोवॅट चालतं. चाळीस साधे लॅपटॉप ८० वॅटने धरले तरी ३.२ होतात. त्यात चार-पाच गेमिंग लॅपटॉप आले, त्यांचे चार्जर दोनशे वॅटच्या पुढचे, की एमसीबी खाली. तीन वेगवेगळ्या लाइनवरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढा, आणि कुठली टेबलं कुठल्या लाइनवर ते हॉलच्या इलेक्ट्रिशियनला आदल्या दिवशी दाखवा. चहाची किटली त्यातल्या कुठल्याच लाइनवर लावू नका.

गुणांचं. मी १०० पैकी ४० गुण फीचर खेळात किती मुरलंय याला देते, ३० खेळायला मजा येते का याला, २० पुरेपणाला, म्हणजे सुरुवात, शेवट, पुन्हा खेळायची सोय, आणि १० टीमने लिहून दिलेल्या एक पानाला: फीचर कसं वापरलं, कुठे अडलं. त्या ४० गुणांसाठी परीक्षकाने एकच करायचं, फीचर बंद करून गेम पुन्हा खेळायचा. त्यासाठी बिल्डसोबत प्रोजेक्टही मागवून घ्या. जोल्टच्या जागी जुनं फिजिक्स लावलं आणि दहीहंडी तशीच चालली, तर फीचर नावापुरतं होतं. स्क्रीन रीडरच्या गेमला पडदा झाकायचा. बारा टीम असतील तर प्रत्येकी पंधरा मिनिटं धरून परीक्षकाचे तीन तास जातात, तेवढा वेळ देणारी माणसंच बोलवा. ज्यांना तासाभरात निघायचं आहे त्यांना बक्षीस समारंभाला बोलवा.

मुलांचं आपसातलं मतदान ठेवणार असाल तर खुलं ठेवू नका. ज्याचे मित्र जास्त तो जिंकतो. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक टीमला इतर पाच गेम वाटून द्या, पाचही खेळून गुण दिले तरच त्यांचा स्वतःचा गेम मोजणीत धरा. इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर स्पर्धा लावली तर कमी मतं पडलेल्या गेमचे गुण तिथे आपोआप खाली ओढले जातात. त्यामुळे मतं समान वाटणं तिथेही महत्त्वाचं आहे.

चित्रं-आवाज बाहेरचे चालतील, परवाना लिहून दिला तर. केनी या निर्मात्याचे चित्र-आवाजांचे संच सीसी झिरो आहेत, म्हणजे कुणालाही विनाअट वापरता येतात, तेच पेनड्राइव्हवर टाका. एआयने केलेलं काही असेल तर ते त्या एका पानावर लिहायचं, एवढा नियम मला पुरतो.

स्पर्धेनंतरच्या बुधवारपर्यंत एक काम राहतं आणि ते तुम्ही करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. या आवृत्त्यांमध्ये दोन्ही फीचर्स प्रायोगिक आहेत, चाळीस मुलं ३० तास त्यांच्यावर बसली की बग सापडतातच. त्या एक-पानी टिपणांतून ते वेगळे काढा, एकाच आवृत्तीवर पुन्हा घडवून बघा, आणि बाकी सगळं काढून टाकून बग दाखवणारा लहानात लहान प्रोजेक्ट बनवा. गोडोच्या गिटहबवर बग नोंदवताना असा प्रोजेक्ट मागतातच. आधी कुणी नोंदवलाय का ते शोधा, नसेल तर ज्या मुलाला किंवा मुलीला तो सापडला, त्याच्या किंवा तिच्याच खात्यावरून नोंदवा, शेजारी बसून.

तालमीसाठी मदत लागली तर सांगा. त्या रविवारी मी माझा लॅपटॉप घेऊन दादरला येऊ शकते.